युद्धानंतरची पासष्ट वर्षे

गेल्या स्वातंत्र्यदिनी आमच्या हायस्कुलात मी कॅप्टन लक्ष्मी सहगल यांच्याविषयी बोललो. सिंगापूर, नेताजी, १९४३ साली उभी राहिलेली झाशीची राणी रेजिमेंट, खांद्यावर रायफल घेतलेल्या मुली. टाळ्या पडल्या. खाऊवाटप झाल्यावर आठवीतली एक मुलगी ऑफिसच्या दाराशी आली.

“सर, मग त्या लढाईत गेल्या का?”

“नाही ग. खूप जगल्या. २०१२ साली वारल्या.”

“मग इतकी वर्षं काय करत होत्या?”

“डॉक्टर होत्या,” एवढेच सांगून मी तिची बोळवण केली. प्रश्न मात्र मनातून जाईना.

संध्याकाळी हिशेब मांडला. जन्म २४ ऑक्टोबर १९१४, मद्रास. १९३८ साली वैद्यकाची पदवी, १९४० साली सिंगापूर. जुलै १९४३ मध्ये नेताजी तिथे आले आणि बाईंनी दवाखाना सोडला. मे १९४५ मध्ये ब्रह्मदेशात त्या इंग्रजांच्या हाती लागल्या, मार्च १९४६ मध्ये हिंदुस्थानात आणल्या गेल्या. म्हणजे नेताजींच्या भेटीपासून सुटकेपर्यंत तीन वर्षेही भरत नाहीत. आयुष्य सत्त्याण्णव वर्षांचे! मी भाषण केले ते त्या तीन वर्षांवर. बाकीचे आयुष्य मी ‘इत्यादी’त ढकलले होते.

आपल्याकडे वीरमरणाचे माहात्म्य मोठे. रेजिमेंटला जिचे नाव दिले ती राणी १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला धारातीर्थी पडली. त्या मरणापुढे मान झुकतेच. पण मरण हिशेब पुरा करून टाकते. जो जगतो त्याची वही उघडीच राहते. काल दाखवलेले धैर्य आज पुन्हा दाखवावे लागते. शिवाय बाई परतल्या त्या पराभूत सेनेतून. इम्फाळची मोहीम १९४४ मध्येच फसली होती. सत्कार, हारतुरे आणि आठवणी यांवर उरलेले आयुष्य काढले असते तरी कोणी नावे ठेवली नसती.

त्यांनी काय केले? १९४७ मध्ये प्रेमकुमार सहगल यांच्याशी लग्न करून त्या कानपूरला आल्या. फाळणीतल्या निर्वासितांची सेवा केली, आणि पुढे नव्वदी ओलांडली तरी गोरगरीब बायाबापड्यांना तपासत राहिल्या, बाळंतपणे करत राहिल्या. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांसाठी धावल्या. १९८४ साली इंदिराजींच्या हत्येनंतर शीखांवर जमाव चालून आले, तेव्हा सत्तर वर्षांच्या या बाई रस्त्यावर उतरून त्यांना अडवत होत्या. त्याच डिसेंबरात वायुदुर्घटनेनंतर वैद्यकीय पथक घेऊन भोपाळला गेल्या. २००२ साली, सत्त्याऐंशीव्या वर्षी, डॉ. अब्दुल कलाम यांच्याविरुद्ध राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवल्या आणि हरल्या. २३ जुलै २०१२ रोजी देह ठेवला, तोही वैद्यकीय महाविद्यालयाला दान.

कोणी म्हणेल, “मास्तर, रुग्णसेवा करणारे डॉक्टर गावोगाव आहेत. ही बाई तुम्हाला ठाऊक झाली ती गणवेशामुळेच ना?” हे मला मान्य आहे, आणि त्यातच आपल्या स्मरणशक्तीचा अन्याय आहे. रणांगणावर शिंग फुंकले जाते, सोबती असतात, नेत्याचा शब्द कानात असतो. मध्यरात्री अडलेल्या बाईसाठी दार ठोठावले जाते तेव्हा उठण्याचा हुकूम कोण देतो? संतापलेल्या जमावापुढे उभे राहताना कोणती पलटण पाठीशी असते? तिथे माणूस स्वतःच्याच हुकुमावर चालतो. त्या तीन वर्षांची किंमत मी कमी करत नाही. पण ती सोन्याची होती की मुलाम्याची, हे पुढच्या पासष्ट वर्षांनीच ठरवले, असे मला वाटते.

मुलांना आपण मरायला कसे शिकावे हे सांगतो. बहुतेकांच्या वाट्याला मात्र लांबलचक, बिनटाळ्यांचे जगणे येते. त्याची शिकवण आमच्या भाषणांत कुठे आहे?

ती मुलगी आता नववीत आहे. तिचे उत्तर माझ्याकडे थकले आहे. येत्या स्वातंत्र्यदिनी भाषण याच बाईंवर करणार आहे, फक्त सुरुवात कानपूरच्या दवाखान्यापासून.