दुःख पुसणारा



महागाव तालुक्यातील चिलगव्हाण या गावाचे नाव आज महाराष्ट्रात सर्वत्र घेतले जाते, ते एखाद्या स्थानामुळे नव्हे. तेथील शेतकरी साहेबराव करपे यांनी दि. १९ मार्च १९८६ रोजी वर्धेजवळील दत्तपूर येथे पत्नी मालती व चार लेकरांसह आयुष्याचा शेवट केला. शेतकरी म्हणून जगणे अशक्य झाले आहे, या आशयाची चिठ्ठी मागे राहिली. राज्यातील शेतकरी कुटुंबाची ही पहिली नोंदली गेलेली आत्महत्या मानतात. त्या चार लेकरांना काय हवे होते, हे तर कोणी पुसलेच नाही.

साहेबराव अबोल नव्हते. गावाचे सरपंच होते, भजनात रमणारे होते. शब्द ज्यास वश, अशा पुरुषाचे दुःखही जगाला कळले ते चिठ्ठीवरून, आणि तेही तो गेल्यावर. म्हणून ‘दुःखिताने बोलावे, मन मोकळे करावे’ हा नित्याचा उपदेश मला अपुरा वाटतो. जिव्हा आहे, पण कान कोठे आहे?

दृष्टांतपाठातील हत्ती व आंधळे यांचा दृष्टांत आपणा सर्वांस परिचित आहे. शास्त्रात त्याचा विषय ज्ञान हा होय. तो तेथेच राहू द्यावा. येथे केवळ त्याची रीत घेतो. कर्जबाजारी कुणब्याच्या दारी सोसायटीचा माणूस येतो, त्याच्या हाती थकबाकी लागते. वीजवाल्याच्या हाती बिल लागते. सोयऱ्याला लेकीच्या लग्नाचा खोळंबा दिसतो, शेजाऱ्याला वाळलेले पीक. कोणीही असत्य सांगत नाही; तथापि हत्ती कोणासच दिसत नाही.

कोणी म्हणेल, जीवाचे दुःख परमेश्वर जाणतो, मग माणसाला सांगून काय लाभ? त्यांनी आचार्यांकडे पाहावे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या वियोगानंतर भटोबास एकांतात लीळांचे स्मरण करीत असत. त्यांच्याएवढा ज्ञाता दुसरा कोण? तरी म्हाइंभटांनी ते पाहिले, काय चालले आहे असे पुसले, आणि आचार्यांनी सांगितले. पुढे म्हाइंभट गावोगाव हिंडले, ज्याने जे पाहिले ते त्याच्याच तोंडून ऐकले, आणि आठवणींत भेद पडला तर तो भेदही राखला. लीळाचरित्र त्या पुसण्यातून झाले. आपल्या भाषेत पुसणे म्हणजे विचारणे आणि पुसणे म्हणजे डोळे कोरडे करणेही. हा योग मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे.

आता आपल्या वर्गाविषयी. डॉक्टर वा तलाठी ज्या घरी वर्षात एकदा जातो, तेथे आम्ही भिक्षु झोळी घेऊन वारंवार जातो. एके वर्षी याच भागात अटनात असता एका माउलीने भाकरी वाढताना तोंड फिरवले. मी “माई, कुशल ना?” म्हटले. ती म्हणाली, “हो बाबा.” मी दंडवत करून पुढच्या दारी गेलो. तिच्या घरी काय झाले होते, ते मला आजही ठाऊक नाही. कुशल विचारणे ही रीत झाली. थांबणे झाले नाही. भिक्षेचा नियम पाळला, एवढ्यावर त्या दिवशी मी समाधान मानले, याचे आता वैषम्य वाटते.

थांबणाऱ्यानेही उतावीळ होऊन कर्मफळाचे निरूपण करू नये. ‘तुझ्याहून दुःखी लोक आहेत’ हे वाक्य तर टाळावेच. ते ऐकताच सांगणारा मिटतो. ऐकून दुःख आपल्या आवाक्याबाहेरचे वाटले, जिवाचे बरेवाईट होईल असा संशय आला, तर त्या माणसास एकटे सोडू नये. जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’ ही शासकीय सेवा २०२२ पासून आहे, तेथे मराठीतही बोलता येते. वासनिकांनी हा क्रमांक आश्रमाच्या भिंतीवर लिहावा. त्यात कमीपणा नाही.

२०१७ पासून १९ मार्चला साहेबरावांच्या स्मरणार्थ अनेक जण अन्नत्याग करतात. ज्यांस तो करावयाचा आहे त्यांनी अवश्य करावा. मी त्या दिवशी महागावकडे असलो, तर झोळी घेऊन एकाच दारी जाईन, आणि घरच्यांनी बसावयास सांगितले तर बसेन.