चार दिवसांचा पाहुणा

आमच्या संसारात दिवाळी बायकोच्या माहेरची आणि नाताळ माझ्या माहेरचा, अशी वाटणी लग्नानंतर पहिल्याच वर्षी झाली. पुरुषाला माहेर असते की नाही, याविषयी शास्त्रकारांनी काय म्हटले आहे कोण जाणे. पण चंद्रपुरात वीस-बावीस वर्षे काढून, तिथेच दोन खोल्या बांधून, ज्याच्या तोंडून अजून ‘गावी जातो’ ऐवजी ‘घरी जातो’ असेच निघते, त्याने दुसरा कोणता शब्द वापरावा? मी शिकवतो ती शाळा ख्रिस्ती मंडळींची आहे. त्यामुळे आमची दिवाळीची सुटी आखूड आणि नाताळची ऐसपैस. आमच्या झाडीपट्टीत खरे म्हणजे माणसे घरी येतात ती भाऊबीजेपासून, मंडईला. गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी येतात, रात्री वडशाहून आलेल्या कंपनीचे नाटक उजाडेपर्यंत चालते. पूर्वी अशा नाटकांची कुणी दखल घेत नसे. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा नागपूर-पुण्याच्या लोकांना झाडीपट्टी रंगभूमी नावाची काही वस्तू आहे हे कळले. ती सगळी धामधूम माझी चुकते. गावात तंबू उठून गेल्यावर, धानाचे पुंजणे रचून झाल्यावर मी उगवतो.

नाताळची सुटी ही साहेबाने मागे ठेवलेली गोष्ट. तिचा उपयोग आपल्या वडीलधाऱ्यांनी चांगला केला. 1885 ची मुंबईची पहिली राष्ट्रसभा नाताळच्या आठवड्यात भरली आणि 1920 ची नागपूरचीही, कारण वकीलमंडळींची कोर्टे तेव्हा बंद असत. आता तिचा उपयोग पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांतली आमच्याकडची मुले करतात. परदेशातले धनी सुटीवर गेले की यांना घरी जाता येते. सुटी कुणाच्या देवाची आहे, हे आईला विचारा. तिला फक्त तारीख हवी असते.

दरवर्षी शाळेत ख्रिस्तजन्माचे नाटक होते आणि त्याचे मराठी संवाद लिहिण्याचे काम, मी कादंबऱ्या लिहितो म्हणून, माझ्याकडे येते. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. रोमच्या बादशहाने खानेसुमारीचा हुकूम काढला, प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचे. म्हणून योसेफ दिवस भरत आलेल्या मारियेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला गेला. तिथे उताराच्या जागेत त्यांना ठाव मिळाला नाही आणि बाळाला गोठ्यातल्या गव्हाणीत निजवावे लागले. दोन वर्षांपूर्वी धर्मशाळेवाल्याचे काम करणारा सातवीतला मुलगा तालमीत मध्येच थांबला आणि म्हणाला, “सर, बेथलेहेम त्याचंच गाव होतं ना? मग त्याचे भाऊबंद कुठं गेले होते?”

मी त्याला संवाद म्हणायला लावले. उत्तर माझ्यापाशी नव्हते. शेजारी केरळच्या एक सिस्टर उभ्या होत्या. बल्लारपूरला चांद्याचा सिरो-मलबार धर्मप्रांत आहे. त्यामुळे आमच्या भागातल्या शाळा-दवाखान्यांत केरळची माणसे बरीच दिसतात. त्या हसून म्हणाल्या, “आम्हीपण नाताळला घरी जात नाही, सर. त्या दिवशी तर आमचं काम असतं.” तेरा वर्षांत एकही नाताळ त्यांनी आईपाशी काढलेला नव्हता, आणि त्याबद्दल त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता.

त्या मुलाचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. घर आपले म्हणायचे ते कशाच्या जोरावर? पूर्वज तिथले म्हणून? खानेसुमारीच्या वहीत नाव आहे म्हणून? की तिथे रोज राबणारा कुणी आपल्याला जागा देतो म्हणून?

माझे घर आरमोरी तालुक्यात. थोरला भाऊ तिथे राहतो, आईला सांभाळतो, चार एकरांत धान करतो. मी सकाळच्या एसटीने निघतो. चिचपल्लीच्या जंगलात खिडकी लावून घ्यावी लागते इतका गारठा असतो. मग मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी. पूर्वी नागपूरहून नागभीडला येणारी छोटी गाडी होती. रुंद मार्ग करायचा म्हणून 2019 मध्ये ती बंद केली, तेव्हा आमच्या पिढीच्या अर्ध्या आठवणी तिच्याबरोबर गेल्या. ब्रह्मपुरीनंतर वैनगंगेचा पूल लागला की गाडीतली माणसे उगाच सरसावून बसतात. अंधार पडायच्या आत गाठावे, असे वहिनी निक्षून सांगते. त्या रानात वाघ ही काही गोष्टीतली वस्तू नाही.

घरी पोचल्यावर माझे काय होते, तेही सांगितले पाहिजे. मला बाज मिळते. नवी चादर मिळते. वालाच्या शेंगा, लाखोळीची भाजी, पातोडी हे सगळे त्या चार दिवसांत होते. दादा पहाटे पुंजण्याकडे जातो. 2021 पासून छत्तीसगडाकडून आलेला रानहत्तींचा कळप जिल्ह्यात फिरू लागला. तेव्हापासून त्या दिवसांत धानाची राखण हे रात्रीचेही काम झाले आहे. मी उठतो तेव्हा तो एक फेरी करून परतलेला असतो. मी “मीही येतो” म्हणतो आणि तो “राहू दे, थंडी आहे” म्हणतो. दोघांनाही ठाऊक असते की हे बोलायचे म्हणून बोलणे आहे. परत निघताना तांदळाचे पोते माझ्याबरोबर असते.

‘अतिथी’ म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, असे आम्ही मुलांना शिकवतो. माझ्या येण्याची तारीख ठरलेली आणि जाण्याची त्याहून पक्की. म्हणजे तोही मान माझा नाही. मग मी त्या घरात कोण? मालक म्हणावे तर सातबाऱ्यावर नाव आहे, पण एकदा माझी एक कादंबरी वाचून दादा म्हणाला होता, “तुझ्या पुस्तकातलं घर बरं आहे. त्याचे कवेलू फेरावे लागत नाहीत.” तो टोमणा नव्हता, त्याने वाचून झालेल्या पुस्तकाचे कौतुकच केले होते. म्हणून तर तो इतका लागला.

आता 2021 ची गोष्ट. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि पुढल्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. नाताळ आला तेव्हा गाड्या धड चालत नव्हत्या. मी फोनवर आईला म्हणालो, “गाड्या बंद आहेत, कसा येऊ?” ती म्हणाली, “नको येऊ बाबू, हाल होतील.” खरे असे होते की काळीपिवळ्या चालू होत्या, आणि शेजारच्या आळीतला एक तरुण मोटारसायकलवर बायकोला मागे बसवून सिरोंच्यापर्यंत जाऊन आला होता. माझ्या कादंबरीची शेवटची तीन प्रकरणे उरली होती. सुटी मला हवी होती. संप कामी आला. प्रकरणे झाली, आणि मला वाटते, चांगली झाली.

पुढल्या वर्षी गेलो तेव्हा वहिनी सहज सांगून गेली, की मागच्या साली आईने कुंपणावरचा एक वेल कुणाला तोडू दिला नाही. शेंगा वाळून खडखडायला लागल्या, तेव्हा बियाण्याला काढून ठेवल्या. आई त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिला ते विशेष वाटलेच नसावे.

मायकेल स्टॉकर नावाच्या तत्त्वज्ञाने 1976 च्या एका लेखात एक उदाहरण घेतले आहे. एक माणूस इस्पितळात पडला आहे. मित्र भेटायला येतो. याला फार बरे वाटते. आणि बोलता बोलता कळते की मित्र आला तो निव्वळ कर्तव्य म्हणून. रोग्याचे मन खट्टू होते. स्टॉकरचा रोख असा, की ज्या नीतिशास्त्राला माणसामाणसांतला जिव्हाळा दिसत नाही, ते शास्त्र कुठेतरी चुकते आहे. युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण मी तो आईला लावून पाहतो तेव्हा तो अडखळतो. मी प्रेमाने आलो की लाजेने आलो, की लोक काय म्हणतील म्हणून आलो, हे ती विचारीत नाही. ती विचारते, “किती दिवस?” तिच्या हिशेबात माझ्या हेतूंना खाते नाही, दिवसांना आहे. आणि मला वाटू लागले आहे, की हेतूंची चिकित्सा ही बहुधा जाणाऱ्याची चैन असते. वाट पाहणाऱ्याला ती परवडत नाही. 2021 मध्ये मी स्वतःला हेच तर सांगितले होते, की मन नसताना जाण्यात काय अर्थ? त्या वाक्याने माझे काम फार सोपे केले. शेंगांचे काही केले नाही.

अर्थात इथे मला उलट बाजूही आठवते. मूलच्या स्थानकावर गेल्या खेपेस पहाटेची गाडी बदलताना गाठोडी घेऊन बसलेल्या बायका भेटल्या. धान निघाले की आमच्या दोन्ही जिल्ह्यांतून माणसे तेलंगणात मिरची तोडायला जातात, काही महिन्यांसाठी. त्यातल्या एकीने माझी पिशवी पाहून विचारले, “गुर्जी, घरी चालले का?” मी हो म्हणालो. “आम्ही घरून चाललो,” ती म्हणाली. तिची दोन पोरे आजीपाशी होती. 2020 च्या टाळेबंदीत याच कामावरची माणसे रानावनातून, नदी ओलांडून पायी आपल्या गावांकडे परतली होती. त्यांच्यापुढे मी माझा प्रश्न कोणत्या तोंडाने मांडावा? घरी जावे की न जावे, हा विचार करायलाही बसभाडे आणि पगारी सुटी लागते.

आणि वरोऱ्याला आनंदवन आहे. बाबा आमट्यांचा जन्म 1914 चा, 26 डिसेंबरचा, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवसाचा. आमची सुटी असते म्हणून त्या दिवशी मी एक-दोनदा तिकडे गेलो आहे. 1949 मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, मग ही वसाहत उभी राहिली. तिथे आलेली कितीतरी माणसे औषधाने बरी झाली, पण घरच्यांनी त्यांना परत घेतले नाही. डॉक्टरांनी दिलेला दाखला हातात होता, दार मात्र उघडले नाही. त्यांनी तिथेच विहिरी खोदल्या, शेते केली, लग्ने केली, घरे मांडली. माझ्या विद्यार्थ्याला योसेफाच्या भाऊबंदांविषयी जे विचारायचे होते, ते विचारायला याहून जवळचे ठिकाण नव्हते, आणि मी त्याला तिथे नेले नाही. पुढल्या सहलीत नेईन.

हा लेख लिहायला घेतला त्या आठवड्यात दादाचा फोन आला. इकडचे तिकडचे झाल्यावर तो म्हणाला, “एक सांगतो, राग नको धरू. या साली नाताळात नको येऊ. त्या टायमाला धान चुरायची घाई असते, तुझी सरबराई कोन करील? तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात.” मी गप्प राहिलो. “वैशाखात ये,” तो म्हणाला. “घर फेरायचं आहे, दोन वासेही गेले. मानसं मिळत नाहीत. महिनाभर राहजो.”

मे महिन्यात मी लिहितो. गेल्या सगळ्या कादंबऱ्या मी मे महिन्यात लिहिल्या आहेत, हे दादाला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असूनच त्याने विचारले. माझ्यासारख्याचा हात कवेलूंना लागला तर फायदा किती आणि फूट किती, हाही प्रश्न आहेच. “सांगतो,” असे मी म्हणालो. मग वहिनीने फोन घेतला.

“भाऊजी,” ती म्हणाली, “मग शेंगा कोनासंगं पाठवू?”