फट कोणाची?

सांधा लपविणे ही लबाडी आहे काय? स्पिटफायर विमानाची १:७२ प्रमाणातील प्लास्टिकची प्रतिकृती जुळविताना हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. पंख व धड यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली होती. क्षुल्लकच, पण मूळ विमानाच्या मापात ती ३६ मिलिमीटर, म्हणजे दोन बोटे रुंद ठरते. प्रत्यक्षात तेथे पत्र्याचे आच्छादन असते. तेव्हा लांबी भरणे हे खोटे नव्हे. खोटी ती फटच होती.

मात्र लांबी वाळताना आकसते. ती पातळ थरांनी भरावी, प्रत्येक थर पुरता वाळू द्यावा, मगच ओल्या पॉलिशपेपरने घासावी. मी घाई केली. रंग दिल्यावर काही दिवसांनी सांध्याची रेषा पुन्हा उमटली. त्याहून वाईट हे की, घासण्याच्या भरात शेजारच्या पत्र्यांच्या जोडरेषाही पुसल्या गेल्या. त्या तर मूळ विमानावर असतात! त्या सुईने पुन्हा कोराव्या लागल्या. एक रेषा साच्याची, दुसरी विमानाची. माझ्या हाताला दोन्ही सारख्याच.

भाषांतराच्या मेजावरही हाच हात चालतो. रोमकरांस पत्र ५:१२ येथे पौलाचे वाक्य अर्धवट सुटते. आपल्या भाषेच्या अडचणीमुळे पडलेली फट मी निःशंक भरीन. ही फट पौलाची आहे. माझ्या मसुद्यात मात्र ते वाक्य आज सबंध आहे, आणि वाचणारा कोठेही अडखळत नाही.