१४० तास

मे महिन्यात एका रात्री साडेदहाला न्यू जर्सीहून माझ्या धाकट्या मावसबहिणीचा फोन आला. तिकडे दुपारचा एक वाजला होता.

"दादा, खोटं न बोलता एखादी गोष्ट लपवता येते का रे?"

"येते की," मी म्हटलं. "मी लपवलीय."

ती तिकडच्या मेडिकल कॉलेजांसाठी अर्ज भरत होती. आपल्याकडे नीट द्यायची, ७२० पैकी मार्क मिळवायचे आणि यादीत नाव शोधायचं. तुम्ही माणूस म्हणून कसे आहात, हे कुणी विचारत नाही. तिकडे आधी पदवी, मग एमकॅट ही परीक्षा, आणि सोबत अ‍ॅमकास नावाचा सामायिक अर्ज. त्यात तुम्ही काय काय केलंत याच्या जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीत तारखा, एकूण तास, खात्री करून घ्यायला एका माणसाचा संपर्क आणि वर्णनासाठी ७०० कॅरेक्टर, तेही स्पेस धरून. पेशंटच्या आसपास घालवलेले तास नसतील तर अर्ज लंगडा पडतो.

तिच्याकडे असे १४० तास होते. दर शनिवारी ती एका हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर म्हणून जायची. व्हीलचेअर ढकलायची, पांघरूण आणून द्यायची, एकट्या पेशंटशी गप्पा मारायची. अडचण होती ती शेवटच्या शनिवारची.

त्या दिवशी वॉर्डात एक मराठी आजी होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. नर्स फोनवरचा दुभाषा जोडायला निघाली होती. बहीण म्हणाली, मला येतं मराठी. व्हॉलंटियरने दुभाष्याचं काम करायचं नाही, हे तिला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं होतं. पण समोर आजी होत्या, आणि मदत करायलाच तर ती आली होती. आजी म्हणाल्या, "जीव घाबरतोय गं." हिने इंग्रजीत सांगितलं, त्यांना भीती वाटतेय. नर्सने आजींचा हात धरून धीर दिला आणि ती पुढच्या पेशंटकडे गेली.

जीव घाबरणं म्हणजे नुसती भीती नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यात घाम असतो, मळमळ असते, हातापायातलं बळ गेलेलं असतं. घरातली म्हातारी बाई असं म्हणाली की कुणीतरी लगेच डॉक्टरांना फोन लावतं. बहिणीचं मराठी घरातल्या जेवणापुरतं आणि मंडळाच्या गणपतीपुरतं. तिने शब्द बरोबर उचलला आणि अर्थ खाली पडला. पाऊण तासाने आजींचा मुलगा आला, त्याने नर्सला नीट सांगितलं, मग ईसीजी काढला. हार्टचंच निघालं. आजी वाचल्या. बहिणीला मात्र पुढच्या शनिवारपासून येऊ नकोस असं सांगण्यात आलं.

"तर मी १४० तास लिहू, की सगळंच सोडून देऊ?"

"सोडून दे. अर्ज म्हणजे कबुलीजबाब नव्हे."

हा सल्ला मी इतक्या पटकन दिला, कारण तो आधी स्वतःला दिलेला होता. इंजिनिअरिंगनंतरच्या पहिल्या नोकरीत चौथ्या महिन्यात मी टेस्टिंगसाठी लिहिलेली स्क्रिप्ट चुकून लाइव्ह डेटाबेसवर चालवली. ग्राहकांच्या अर्ध्या दिवसाच्या ऑर्डर्स गेल्या. प्रोबेशन संपायच्या आत मला घरी पाठवलं. पुढच्या कंपनीला पाठवलेल्या रेझ्युमेत ते चार महिने नव्हते. मी म्हणायचो, मी फक्त गप्प बसलो. पण फॉर्ममध्ये 'अनुभव' समोर मी 'फ्रेशर' लिहिलं होतं. ते गप्प बसणं नव्हतं. पीएफच्या नोंदीत मात्र ते चार महिने अजून दिसतात, आणि दर वेळी नोकरी बदलताना पोटात गोळा येतो.

फोन ठेवल्यावर मला अश्वत्थाम्याची गोष्ट आठवली. युधिष्ठिराच्या बोलण्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या नावाचा हत्ती खरंच मेला होता. तरी त्याचा रथ जमिनीला टेकला, कारण द्रोणाच्या मनात काय चित्र उभं राहील हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे शब्द खरे आहेत का एवढंच तपासून भागत नाही. वाचणाऱ्याच्या मनात मी काय उभं करतोय, हेही पाहावं लागतं.

त्या हिशेबाने ती नोंद पूर्ण वगळण्यात मला अजूनही पाप दिसत नाही. कॉलेजने शिस्तभंगाची कारवाई केली असेल तर ती या अर्जात सांगावीच लागते. हॉस्पिटलने व्हॉलंटियरला घरी पाठवणं त्यात मोडत नाही. १५ ओळींत कुणाचंच अख्खं आयुष्य मावत नाही, हे वाचणाऱ्यालाही माहीत असतं. पण १४० तास लिहायचे, वर्णन गोड करायचं आणि संपर्क म्हणून तिच्यावर माया करणाऱ्या नर्सचं नाव द्यायचं, हा मात्र हत्ती झाला. तासांचं श्रेय घ्यायचं तर त्यांचा शेवटही घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी मी तिला एवढंच कळवलं.

चार दिवसांनी तिने मसुदा पाठवला. तिने नोंद करायचं ठरवलं होतं, शेवटासकट. तो वाचून मला आणखीच अस्वस्थ वाटलं. पहिल्या दोन ओळींत आजी आणि चूक, उरलेल्या सगळ्या जागेत ती या अनुभवातून किती घडली, किती नम्र झाली. लिंक्डइनवर नोकरी गेल्याच्या पोस्ट असतात, तसं. आजींचा तो पाऊण तास हिच्या प्रगतीची पायरी झाला होता. कबुलीसुद्धा खोटी असू शकते, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

बोस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचे एक सर्जन होते. त्यांनी स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं आणि १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ पेशंटचा हिशेब छापला. त्यात १२३ चुका स्वतःहून नोंदवल्या, ज्ञान कमी पडलं की निर्णय चुकला, अशी कारणं लावून. व्यवसायातल्या बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. त्या हिशेबात मला आवडतं ते हे, की पेशंटचं काय झालं हा त्याचा विषय आहे. डॉक्टर किती सुधारला, हा नाही.

मी बहिणीला हे सांगितलं. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तुला बोलायला सोपंय, दादा. सीट तुझी जाणार नाहीये."

खरं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी तिने लिहिलेल्या नोंदीत काम काय होतं ते आहे, तास आहेत, आणि मग चार वाक्यं: नियम माहीत असून मी दुभाष्याचं काम केलं. मी चुकीचा अर्थ सांगितला. पेशंटवरचे उपचार लांबले. मला काम थांबवायला सांगण्यात आलं. संपर्क म्हणून व्हॉलंटियर विभागाच्या प्रमुखांचं नाव दिलंय, ज्यांनी तिला घरी पाठवलं त्यांचंच. ७०० पैकी बरीच जागा रिकामी राहिली.

अजून कुठूनही इंटरव्ह्यूचं बोलावणं आलेलं नाही. आलं नाही तर त्याला हीच नोंद कारण होती का, हे तिला कधीच कळणार नाही.

मी गेल्या आठवड्यात रेझ्युमेची फाइल उघडली. सगळ्यात खाली चार महिन्यांची एक ओळ टाइप केली. सेव्ह केलीय. अजून कुणाला पाठवलेली नाही.