वाघाटीचा अधिकार

'उपदेशक' ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात वार्धक्याचे वर्णन आहे. त्यातील 'अबियोना' या हिब्रू शब्दाने भाषांतरकारांना बरेच छळले. काहींनी त्याचा अर्थ 'इच्छा' असा केला; प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र तेथे 'कॅपारिस' या काटेरी झुडपाचे नाव आहे. त्याच्या कळ्या खारवून जेवणात रुचीसाठी घेतात. वृद्धाच्या जिभेला तीही रुची चेतवू शकत नाही, असा त्या वचनाचा भाव. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीच्या सांध्यांतून हे झुडूप आजही वाढते.

त्याच प्रजातीतली वाघाटी आपल्या परिचयाची आहे. वाघनखांसारखे वाकडे काटे, उमलताना पांढरी आणि कोमेजताना गुलाबी होणारी फुले. पश्चिम महाराष्ट्रात आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला वाघाटीच्या भाजीने सोडण्याची रीत आहे. तेवढ्यापुरता तिला बाजारात मान. एरवी ती कुंपणातली अडचण. सह्याद्रीच्या दाट रानातली तिची बहीण, कॅपारिस मूनी, हिचे नाव तर बहुतेकांच्या कानावरही नसेल. तिची मोठाली फळे औषधी बाजारात 'रुदंती' म्हणून विकली जातात, क्षयावर देतात. वस्तुतः संस्कृत ग्रंथांतली रुदंती म्हणून ओळखली जाते ती खाऱ्या जमिनीत वाढणारी, ठेंगणी, निराळीच वनस्पती. बाजाराला हिचे फळ हवे होते, नावाची फिकीर नव्हती. (आदामाने पशुपक्ष्यांना नावे दिली असे 'उत्पत्ती'त वाचतो, झाडांना दिल्याचा उल्लेख नाही.)

म्हणजे उपयोग कळला तर ओरबाडायचे आणि न कळला तर तोडायचे. मग आपल्या उपयोगापलीकडे अशा वेलीला असण्याचा काही अधिकार आहे काय?

संत थॉमस अक्वायनस यांची दोन मते या प्रश्नाला भिडतात. वनस्पती प्राण्यांसाठी आणि प्राणी मनुष्यासाठी, असे ते एके ठिकाणी म्हणतात. अन्यत्र, देवाने इतकी विविधता का निर्मिली याचे उत्तर देताना ते सांगतात, की कोणतीही एक निर्मिती त्याचा चांगुलपणा पुरता प्रकट करू शकत नाही; एकीत जे उणे ते दुसरी भरून काढते. सेमिनरीत दोन्ही शिकवतात. पहिले पटकन ध्यानात राहते, कारण ते सोयीचे आहे. पण पहिल्या विधानात वापराची अनुज्ञा आहे; जे वापरात येत नाही त्याचे काय करावे, हे त्यात सांगितलेले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात ते स्पष्ट केले: माणसामुळे नष्ट झालेल्या जाती आपल्या अस्तित्वाने देवाचा गौरव करू शकत नाहीत, आणि हे हिरावून घेण्याचा आपणास अधिकार नाही.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९०६ साली स्थापन झालेला वनस्पतिसंग्रह फादर एथेलबर्ट ब्लाटर यांच्या नावाने ओळखला जातो. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींची नोंद १९५३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. दोघेही येशूसंघीय. नोंदीत येण्यासाठी औषधी असण्याची अट त्यांनी कोणत्याही झाडाला घातली नाही. मला ही एक प्रकारची उपासनाच वाटते.

तरीही गरिबाच्या वाफ्यावर पसरलेली काटेरी वेल त्याने तोडू नये, असे मी म्हणणार नाही. त्याच्यापाशी कारण आहे. विचारले तर तो ते सांगेल. 'बिनकामाची होती' हे मात्र कारण नव्हे; कारणच लागत नाही, असा त्याचा अर्थ. मनोरीसारख्या गावांत कुंपणे जाऊन सिमेंटच्या भिंती येतात तेव्हा हेच उत्तर ऐकू येते. त्या भिंतींवर मग फुटक्या काचा बसवतात. वाघाटीच्या पानांवर अंडी घालणारे, पंखांची टोके केशरी असलेले मोठे पांढरे फुलपाखरू अशा भिंतीवरून उडत पुढे जाते. त्याच्या अळ्यांना वाघाटी आणि तिच्या आप्तांचीच पाने चालतात.