हाताला सवय झालेला दोष

मनुष्याच्या अंगी एखादा दोष हळूहळू शिरला, तो केव्हा शिरला हे त्याचे त्यासही कळले नाही, आणि पुढे त्या दोषासह नीट चालण्याची हातोटीही त्यास साधली, तर त्या दोषाबद्दल तो देवापुढे जबाबदार आहे काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे असे कोणी समजू नये. पुण्यास नाना पेठेत, मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या गर्दीतील एका लहानशा गॅरेजात, तो आमच्यापुढे उभा राहिला.

आमच्या मंडळीतील एका बंधूजवळ बारा वर्षांची जुनी पिकअप गाडी आहे. पुरंदर तालुक्यातील सीताफळे व अंजीर तो दिवे घाटाने गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोहोचवितो. रविवारी त्याच गाडीच्या मागे बसून दूरच्या वाड्यांतील बायामुले उपासनेस येत असत. मालाच्या गाडीत माणसे बसविणे कायद्यास धरून नाही, हे आम्हांस ठाऊक होते. तरी मंदिर भरते या समाधानात आम्ही गप्प राहिलो. एके सकाळी आम्ही त्याच्याबरोबर पुण्यास निघालो असता भरली गाडी घाटात एकाएकी उजवीकडे गेली, आणि समोरून येणाऱ्या एस. टी.च्या इतक्या जवळून निघाली की बराच वेळ आम्हां दोघांच्याही तोंडून शब्द निघाला नाही. मग तो म्हणाला, “ती थोडी भरकटते, पाळकसाहेब. पण माझा हात बसला आहे.”

माल उतरवून आम्ही नाना पेठेत गेलो. तेथील वृद्ध मिस्त्रींनी प्रथम हत्यार उचलले नाही. त्यांनी टायरांतील हवा पाहिली. पुढच्या डाव्या चाकात दहा पौंड हवा कमी होती. ती भरून गाडी फिरवून आणली, तो भरकटणे कमी झाले, पण थांबले नाही. मग चाके सरळ ठेवून त्यांनी स्टिअरिंग हळूच हलविले. ते तीन बोटे फिरले तरी चाके जागची हलली नाहीत.

आमचा बंधू म्हणाला, “मिस्त्री, स्टिअरिंग बॉक्सवरचा तो स्क्रू थोडा आवळा, म्हणजे काम भागेल.” मिस्त्रींनी मान हलविली. “झीज दुसरीकडे असताना बॉक्स आवळला, तर स्टिअरिंग मधोमध जड होते, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, आणि गाडी उलट जास्त भरकटते. आधी प्ले कोठे आहे ते पाहू.”

त्यांनी बंधूस चालकाच्या जागी बसवून स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवीत राहावयास सांगितले, व स्वतः गाडीखाली शिरले. थोड्या वेळाने त्यांनी आम्हांसही खाली बोलाविले. टाय रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट झिजला होता. दांडा हले, पण चाकाकडील बाजू क्षणभर उशिरा हले. मागे पाहिले तो पाट्यांचे बुश खलास झाले होते, त्यामुळे मागचा ॲक्सलही किंचित सरकत होता. शिवाय मागे नेहमी अधिक भार घातल्याने पुढची चाके हलकी पडत, आणि सरळ राहण्याचा त्यांचा जोर कमी होई. यांतील एकच दोष असता तर गाडी कदाचित सांभाळली गेली असती. सर्वांची भर पडून ती घाटात गेली.

“दादा, हे आजचे नव्हे,” मिस्त्री म्हणाले. “तुमचा हात हुशार, म्हणून तुम्हांला कळले नाही.”

प्रिय बंधुभगिनींनो, या वाक्याने आमची झोप उडविली. सांधे झिजणे हा अपराध नव्हे. जे चालते ते झिजतेच. परंतु दर क्षणी चाक सावरावे लागत आहे हे हातास कळत असूनही खाली वाकून न पाहणे, हा अपराध आहे. चांगले काय ते जाणून न करणाऱ्याविषयी याकोब जे लिहितो (4:17), ते येथे लागू पडते. आणि ते त्या बंधूस जितके लागू, तितकेच आम्हांस. त्याचा हात सदोदित हलताना आम्ही शेजारी बसून कितीदा पाहिला होता! ती त्याची चालविण्याची ढब आहे असे समजून आम्ही कधी विचारले नाही.

आठ वर्षांवरील मालाच्या गाडीची तपासणी कायद्याने दर वर्षी होते. ते योग्यच आहे. परंतु प्रमाणपत्र एका दिवसाची साक्ष देते, आणि झीज रोज चालते. आमच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याचेही तसेच नव्हे काय? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (2:1) वाहवत जाण्याविषयी जो इशारा आहे, तो बंड करणाऱ्यांस नव्हे, तर ऐकून विश्वास ठेवलेल्यांस आहे.

मंडळ्यांच्या पंचांस व उपदेशकांस आमची विनंती आहे. उपस्थिती घटली, भांडणे वाढली, की आपण वरचा स्क्रू आवळतो: नवा नियम, नवा दंड, प्रभुभोजनापासून कोणास दूर ठेवणे. नियम हवेतच. परंतु आधी साधी गोष्ट पाहावी: त्या घरी कोणी भेटावयास गेले होते काय? मग खाली शिरून पाहावे की सांधा कोठे झिजला आहे. आणि हे काम एकट्याचे नव्हे. चाकावर बसलेल्यास खालचा सांधा दिसत नाही. एकाने हलवावे व दुसऱ्याने पाहावे लागते. म्हणून ज्याला आपला दोष सांगता येईल असा एक तरी बंधू प्रत्येकास असावा, पाळकासही.

नवे जॉइंट व बुश बसवून, व्हील अलाइनमेंट करून आम्ही संध्याकाळी परत निघालो. नवल असे की घाट चढताना गाडी पुन्हा डुलू लागली. बंधू घाबरला, मग स्वतःच हसला. गाडी सरळ झाली होती, पण त्याचा हात जुन्या सवयीने ती सावरतच होता. सासवड येईपर्यंत तो हात हळूहळू शांत झाला.

पश्चात्तापानंतरही असे काही मैल जावे लागतात. तेवढ्याने कोणी निराश होऊ नये. रविवारी आता गाडीत माणसे बसत नाहीत. वाड्यांवर आम्हीच जातो.