पोपटाची आंघोळ आणि आपले प्रेम

जबलपूरच्या ग्वारीघाटावर पहाटे नर्मदेत डुबकी मारली की मन प्रसन्न होते. पण त्याच पाण्यात आपल्याला कोणी मान धरून बुडवले तर? पाणी तेच, घाट तोच. मात्र आपली इच्छा राहिली नाही, म्हणून जीव घाबरा होतो. घरातल्या पोपटाला आंघोळ घालताना नेमके हेच आपण विसरतो.

उन्हाळ्यात येथील पारा ४० अंशांच्या वर जातो. पोपटाला उकडत असेल म्हणून आपण त्याला मुठीत धरतो, नळाखाली नेतो, साबण लावतो, फडक्याने खसाखसा पुसतो. आपल्याला वाटते, सेवा घडली. पण पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो. मूठ आवळली की त्याचा श्वास कोंडतो. साबणाने पिसांवरचे नैसर्गिक तेल निघून जाते.

झाडावरचा पोपट पावसाच्या सरीत पंख पसरतो, ओल्या पानांवर अंग घासतो आणि मग चोचीने एकेक पीस नीट करतो. म्हणून सकाळी उथळ ताटलीत स्वच्छ, साधे पाणी ठेवावे किंवा वरून हलका फवारा उडवावा. तो मागे सरला तर थांबावे. रात्रीपूर्वी त्याचे अंग आपोआप सुकले पाहिजे. हातावर यायचे की नाही, हेही त्यालाच ठरवू द्यावे.

आता अधिक अवघड प्रश्न स्वतःला विचारू या. आपल्या घरातला 'मिठू' लाल चोचीचा, हिरवा देशी पोपट आहे का? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. आपण त्याला रामनाम शिकवतो आणि रामाने दिलेले आकाश मात्र काढून घेतो! यात भक्ती कुठे उरली?

तरी घाईने त्याला गच्चीवरून उडवू नका. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेले पंख दुबळे असतात, अन्न शोधण्याची सवय नसते. वन विभागाशी संपर्क साधून त्याला त्यांच्याकडे सोपवा. रिकामा पिंजरा पाहून डोळे भरून येतील, येऊ द्या. आपले प्रेम मिठूसाठी होते की स्वतःच्या करमणुकीसाठी, याची परीक्षा त्याच क्षणी होते.